कोरड्या वाऱ्यातलं पिंप

१

वखारीच्या धक्क्यावर पिंपाचं झाकण फोडलं, तेव्हा आतून आधी तंबाखूचा वास आला आणि मग हात आला.

नुसता पंजा. करंगळी नसलेला. माल पारखणाऱ्या सरकारी तपासनिसाच्या माणसानं पान उकरायला लोखंडी आकडा घातला होता, त्या आकड्यात तो पंजा अडकून वर आला. माणूस किंचाळला आणि मागच्या मागे नदीत पडला. पटक्सेंट नदीचं पाणी नोव्हेंबरात हाडं गोठवतं, तरी तो गडी बाहेर यायचं नाव घेईना.

जूनो कण्यांच्या हंड्याजवळ बसली होती. वेदरॉलच्या मळ्यावरनं पिंपं ढकलत आणणाऱ्या गड्यांना जेवू घालायला तिला आणलं होतं. साठीची गुलाम बाई, एका डोळ्यात फूल पडलेलं, पण उरलेला डोळा दोघांचं काम करायचा. तिनं पंजा बघितला आणि पळी हंड्यातच सोडली. तसला पंजा अख्ख्या मेरीलँडात एकच. क्रॅग मुकादमाचा. करंगळी कासवानं तोडली असं क्रॅग सांगायचा. त्या कासवाचं नाव बेटी होतं, आणि ते कासव महिन्याभरात चाबकाखाली मेलं, हे मळ्यावर सगळ्यांना ठाऊक.

पिंप आडवं करून क्रॅगला बाहेर ओढला. गुडघे हनुवटीला टेकवून, माणसाचं गाठोडं करून भरलेला. आठ दिवस झाले, क्रॅग नदीपार गेलाय असं मालक सांगत होता. आणि हा इथं, तंबाखूत मुरलेला. डोक्याची मागची बाजू नारळासारखी फुटलेली.

"झाकणावर खूण कसली आहे?" कोणीतरी ओरडलं.

खूण माशाची होती. वेदरॉलच्या मळ्यावर जो गडी पिंप दाबतो तो आपली खूण कोरतो, आणि मासा कोरायचा क्वाको. जूनोचा पोरगा. सात लेकरांतला उरलेला एक.

क्वाको तिथंच उभा होता, पिंप ढकलून दमलेला, कण्यांची वाटी हातात. त्याला 'मी' म्हणायलाही वेळ मिळाला नाही. तिघं त्याच्या अंगावर पडले, चौथ्यानं पिंपाची फळी उचलून त्याच्या तोंडावर मारली. जबडा मोडल्याचा आवाज जूनोला हंड्यापाशी ऐकू आला. कण्या लाल झाल्या.

धाकटा वेदरॉल आपल्या करड्या घोडीवरनं उतरून पुढं आला. एप्रिलात लंडनहून आलेला, म्हाताऱ्या मालकाचा पुतण्या. म्हातारा फेब्रुवारीत गेला आणि मळा ह्याच्या हातात पडला. त्यानं मुडद्याकडं बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि पहिला शब्द काय बोलला असेल?

"त्याचा चाबूक आहे का आत?"

चाबूक नव्हता.

न्यायाधीश हॉबडे साहेब आपली पिंपं तपासून घ्यायला आलेच होते. पोट एवढं, की पाइप त्यावर टेकवून ओढायचे. ते म्हणाले, "उद्या दुपारी इथंच, वखारीत बसू. गुलामानं मुकादम मारला तर कायदा सरळ आहे. आधी उजवा हात. मग दोर. मग चार तुकडे, चार रस्त्यांवर."

"साहेब," जूनो पुढं सरकली, "माझं पोर असं करणार नाही."

"तू जूनो ना? वीस फुटी माशावर बसून नदी ओलांडणारी?"

"पंधरा फुटी होता, साहेब. लोक वाढवून सांगतात."

धक्का हसला. आणि तिथंच सगळं अडलं होतं बघा. चाळीस वर्षं त्या नदीवर जूनोइतक्या थापा कोणी मारल्या नव्हत्या. खरं बोलली तरी कोण ऐकणार? आणि ऐकलं तरी उपयोग काय, गोऱ्या माणसाविरुद्ध गुलामाची साक्ष कोर्टात घेतच नाहीत.

ती डोकं खाली घालून म्हणाली, "मुडदा धुवायला तरी कोणी लागेल."

त्या कामाला दुसरं कोणी पुढं येईना. जूनोनं बादली घेतली, क्रॅगच्या दाढीला हात लावला, आणि तिचा हात तिथल्या तिथं थांबला.

२

दाढीतनं चुरा पडत होता.

बारीक, तपकिरीसारखा चुरा. कानांत, कॉलरीत, बुटांत. तिनं पिंपात डोकं घातलं. तळाशी पान बघावं तर अखंड, मऊ, चामड्यासारखं एकावर एक बसलेलं. मुडद्याच्या भोवती आणि वर मात्र नुसता भुगा.

आता ज्याचा जन्म तंबाखूत गेला त्याला हे सांगावं लागत नाही. हवा दमट असली की पान लवतं. तेव्हाच ते खाली काढायचं, जुड्या बांधायच्या, पिंपात रचायचं आणि वरनं तुळईनं दाबायचं. हवा कोरडी असताना पानाला हात लावला की ते हातातच मरतं. म्हणून वारा फिरला की अर्धं भरलेलं पिंपसुद्धा तसंच ठेवून माणसं दुसऱ्या कामाला लागतात. मळ्यावरची चार वर्षांची पोर हे जाणते.

जूनोनं बोटांवर दिवस मोजले. गेल्या आठवड्यात रविवारपासून बुधवारपर्यंत धुकं आणि भुरभुर. बुधवारी दिवस मावळायला वायव्येचा वारा सुटला, तो आजपर्यंत कोरडाठाक. चाळीस वर्षांत एवढा कोरडा आठवडा तिनं पाहिला नव्हता; ह्या वाऱ्यानं आपला लाळेचा थेंब जमिनीवर पडायच्या आत वाळला असं ती पुढं सांगायची, पण ते सोडा.

क्वाकोला खांबाला बांधला होता. तोंड सुजून भोपळा. मुडद्याला पाणी घ्यायच्या निमित्तानं ती त्याच्याजवळनं गेली.

"बोलू नको. मान हलव. माशाचं हे पिंप तू बुधवारी बंद केलंस?"

मान खाली.

"आणि गुरुवारी पहाटे हॉबडे साहेबांकडं चर खणायला गेलास, आपले दोन्ही घोडे घेऊन? थेट कालपर्यंत?"

मान खाली. डोळ्यांतनं पाणी.

म्हणजे बघा, बुधवारी भरलेलं चांगलं पिंप कोणीतरी पुन्हा उघडलं होतं. अर्धं पान उपसलं, क्रॅगला आत कोंबला, वर पान टाकून दाबलं, आणि ते सगळं कोरड्या वाऱ्यात. त्या दिवसांत क्वाको खुद्द न्यायाधीशाच्या चिखलात कमरेएवढा उभा होता.

जूनोनं चुऱ्याची मूठ भरून डोक्याच्या फडक्याच्या टोकाला गाठ मारली.

आणखी एक गाठ तिच्याकडं होती, परकराच्या नेफ्यात. तिच्यात अर्धा कागद. गेल्या नाताळात म्हाताऱ्या मालकानं तो लिहिला होता: ह्या वर्षीचं पीक दाबून झालं की क्वाको मोकळा. साक्षीला क्रॅग. मग करारावर आणलेल्या नोकरांचे कागद कापतात तसा तो मधोमध नागमोडी कापला, एक तुकडा जूनोला, एक क्रॅगला. दोन्हींचे दात जुळले तर कागद खरा. म्हातारा मेला आणि क्रॅग म्हणाला, "कसला कागद?" जूनोनं आपला तुकडा कोणाला दाखवला नाही, दाखवला असता तर चुलीत गेला असता. तिनं नुसतं तोंडानं सांगितलं. लोक म्हणाले, आली वीस फुटी माशाची बाई.

आता क्रॅग मेला होता. त्याचा तुकडा कुठं होता?

तिनं त्याचे खिसे चाचपले. सगळे आधीच कोणीतरी उलटे केले होते. बुटाचं अस्तरसुद्धा फाडलेलं.

३

"म्हातारे, माझ्याकडं बघू नको. मी काही केलं नाही."

हा बार्नबी. मळ्यासाठी पिंपं बनवणारा सुतार. चांदीचा एक चमचा चोरला म्हणून लंडनच्या कोर्टानं सात वर्षांसाठी इकडं पाठवलेला, पाच भरली होती, दोन बाकी. फोडलेली पिंपं परत बंद करायला तो धक्क्यावर आला होता.

"मी कुठं म्हटलं तू केलंस?" जूनो शेजारी टेकली. "पण भोक गोल आहे, बाबा. क्रॅगच्या डोक्याचं. तुझ्या हातोड्याएवढं."

बार्नबीच्या तोंडातला खिळा खाली पडला. "हातोडा गुरुवारपासून सापडत नाही. आईची शपथ."

"तुझी आई तुला चमचे चोरायला शिकवायची म्हणालास की."

"मग तिचीच शपथ!" तो इकडं तिकडं बघून कुजबुजला. "गुरुवारी सकाळी मालकानं मला जंगलात पाठवलं, पट्ट्यांसाठी लाकूड तोडायला. संध्याकाळी आलो तर हातोडा नाही. आणि हे बघ." त्यानं माशाच्या झाकणाची कडा तिला दाखवली. "खिळे बघ कसे वाकडे. पट्टा उलटा. माझ्या हातचं पिंप कधी असं रडतं का? हे ज्यानं बंद केलं त्यानं आयुष्यात खिळा मारलेला नाही."

"तू जंगलात गेलास तेव्हा क्रॅग कुठं होता?"

"अंगणात. टॅम्झिनला शिव्या देत होता."

"म्हणजे गुरुवारी जिवंत."

बार्नबी खाली पडलेला खिळा शोधू लागला.

"उद्या हे सांगशील?"

"मालक म्हणतो क्रॅग बुधवारी गेला. मग बुधवारी गेला. मी तोंड उघडलं तर हातोडा कोणाचा म्हणून मलाच लटकवतील. गोरा असलो तरी चोर आहे मी, म्हातारे."

खोटं काय बोलत होता? जूनो उठली. मग परत वळली. "बार्नबी, एकट्या माणसाला दाबाची तुळई खाली ओढता येते?"

"छे! चार गडी लागतात, नाहीतर दोराला घोडा जुंपावा लागतो. आणि कामाचे घोडे तर क्वाकोबरोबर गेलेले."

"हो ना. मग तुळई ओढली कोणी?"

ती हे बोलत असताना पलीकडं धाकटा वेदरॉल परत निघाला होता. गड्यानं करड्या घोडीच्या छातीवरनं पट्टा ओढला, तशी ती घोडी कळवळून मागच्या पायांवर उभी राहिली. लंडनच्या सरदारांनी बसावं अशी नाजूक घोडी, जन्मात गाडी ओढली नव्हती. पट्टा सरकला, आणि जूनोच्या एका डोळ्याला दिसलं: छातीवर आडवा, दोरानं सोललेला, खपली धरलेला लाल वळ.

४

मुडद्याला गुंडाळायला चादर हवी म्हणून जूनोला मळ्यावर पाठवलं. टॅम्झिन अंगणात साबणाचं खारं पाणी उकळत होती. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची पोरगी, जहाजाचं भाडं फेडायला पाच वर्षांच्या करारावर आलेली. अकरा दिवसांनी सुटणार होती. कोठीच्या दारावर ती रोज कोळशाची एक रेघ पुसायची.

"मावशे, ऐकलं मी. क्वाकोचं." तिनं मान वर केली नाही. "चादर आत आहे."

"चादर घेते की. पाठ बघू तुझी."

"कशाला?"

"बघू दे, पोरी."

पाठीवर आठ दिवसांचे वळ होते. दोन अजून ओले. जूनोनं चरबी लावली.

"गुरुवारचे?"

टॅम्झिननं कपडे सावरले. मग पाण्यात काठी फिरवत म्हणाली, "उशीचे अभ्रे पिवळे राहिले म्हणून. मारताना मोजत होता मेला, आणि मधेच आकडा चुकला की पहिल्यापासून. तेवढ्यात मालकानं त्याला दाबघरात बोलावलं. त्यानं चाबूक माझ्या दोरीवर वाळत टाकला. रक्त होतं ना त्याला. म्हणाला, परत येतो, विसाव्यापासून पुढं."

"आला?"

"नाही. आत भांडण झालं. मालक म्हणाला, तुला आजपासून कामावरनं काढलं. तर हा हसला. म्हणाला, 'मग मी कागद हॉबडेकडं नेतो. म्हातारी खोटं बोलत नव्हती असं सांगतो.' त्यानंतर काही ऐकू आलं नाही, मावशे. काहीच नाही. दुपारी मालकानं घोडी जुंपून दाबघराशी नेली. आणि मग मला झाडायला बोलावलं. घोट्याएवढा चुरा! शिंकून शिंकून माझ्या नाकातनं रक्त आलं. एवढं पान कोणी कोरड्या दिवशी हलवतं का? मी मनात म्हटलं, लंडनचा आहे, त्याला काय कळतं."

"उद्या हे वखारीत सांगशील?"

टॅम्झिननं काठी आपटली. "अकरा दिवस, मावशे! त्याच्याकडं माझा कागद आहे. तो म्हणाला, तोंड उघडलंस तर करारात असताना झालेलं पोर लपवल्याबद्दल कोर्टाकडनं दोन वर्षं वाढवून घेईन."

ते पोर जूनोनंच पुरलं होतं, मेलेलं जन्मलेलं, आलुबुखाराच्या झाडाखाली. जूनोनं ते उपकार बोलून दाखवले असते तर टॅम्झिनला नाही म्हणता आलं नसतं. म्हणूनच ती त्यातलं काही बोलली नाही.

"चाबूक कुठंय?"

"राखेच्या पिंपात, तळाशी. जाळणार होते. मालकानं चारदा विचारलं मला त्याबद्दल. चाबूक मागं टाकून क्रॅग नदीपार गेला, हे कोणाला पटणार?"

जूनोनं राख उपसून चाबूक काढला. जाड लाकडी दांडा, टोकाला तांब्याची टोपी. क्रॅग हा चाबूक झोपतानाही उशाला घ्यायचा. ह्यानंच बेटी गेली. ह्यानंच क्वाकोची पाठ अशी केली, की तिथं आता केस उगवत नाहीत. तिनं रागारागानं दांडा दगडावर हाणला.

तांब्याची टोपी सैल होऊन फिरली.

जूनोनं आत बघितलं आणि ती राखेतच खाली बसली. मग तिनं टोपी घट्ट बसवली, चाबूक चादरीच्या घडीत ठेवला आणि घडी टॅम्झिनच्या हातात दिली.

"उद्या ही चादर तूच घेऊन ये. मी तुला बोल म्हणणार नाही. नुसती ये."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी वखार गच्च भरली. दारातच ओंडका आणि कुऱ्हाड ठेवलेली, उजव्या हातासाठी. क्वाको ओंडक्याशेजारी साखळीत.

वेदरॉलनं शपथ घेतली. क्रॅगला शेवटचा बुधवारी पाहिला. क्वाको आणि क्रॅगचं वैर होतं. माशाचं पिंप बुधवारी क्वाकोनंच दाबलं. एवढं बोलून त्यानं रुमालानं हात पुसले.

"दुसरं कोणी बोलणारं आहे?" हॉबडे साहेबांनी विचारलं.

बार्नबी जमिनीकडं बघत होता. टॅम्झिन चादर छातीशी धरून भिंतीला टेकलेली.

"मग झालं," साहेब म्हणाले. "जूनो, पाइप भर माझा. उपाशीपोटी हात तोडायचं काम मला झेपत नाही."

जूनो पुढं आली. तिनं डोक्याच्या फडक्याची गाठ सोडली, पाइप भरला, निखारा ठेवला आणि मागं सरून उभी राहिली.

साहेबांनी एक झुरका घेतला. दुसरा घेतला. मग डोळे बाहेर आले आणि ते इतके खोकले की टेबल हललं.

"अगं सटवे! काय भरलंस हे?"

"तंबाखूच, साहेब. आपल्या वखारीतला."

"तंबाखू? हा चुरा आहे! माती! असला माल कोण विकतं?"

"वेदरॉल मालकांचं माशाचं पिंप, साहेब. क्रॅगच्या दाढीतनं झाडून घेतला."

वखारीत कोणीतरी ओकलं. साहेबांनी पाइप फेकला, तोंड पुसलं, शिवी द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

कसं असतं, की हॉबडे साहेबांना माणूस कधी कळला नाही. माणसाचा हात तोडून ते जेवायला बसले असते. पण पान त्यांना कळायचं. पोटच्या पोरांपेक्षा जास्त कळायचं.

"ते पिंप इकडं आणा," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः वाकून हात घातला. तळातलं पान काढलं, बोटाला गुंडाळलं, सोडलं. वरचा भुगा मुठीत घेतला. चेहरा लाल झाला.

"खाली सोनं आहे, आणि वर हे! कोणत्या गाढवानं कोरड्या वाऱ्यात पान दाबलं?" मग आवाज हळू झाला. "कोरड्या वाऱ्यात... वारा फिरला बुधवारी संध्याकाळी. मी माझा दाब त्याच वेळी थांबवला. म्हणजे हे वरचं काम गुरुवारचं किंवा नंतरचं." त्यांनी क्वाकोकडं बघितलं. "आणि गुरुवारी पहाटेपासून थेट परवापर्यंत हा माझ्या चरात होता. मी स्वतः काठावर बसून शिव्या देत होतो."

"साहेब," वेदरॉल पटकन म्हणाला, "तसं असेल तर बार्नबी! हातोडा त्याचा. पिंप उघडणं त्यालाच जमतं. चोर आहे तो."

दोघांनी बार्नबीला मानगुटीला धरून ओंडक्यावर आपटला. त्याचं कपाळ फुटलं आणि मग मात्र त्याला कंठ फुटला.

"खिळे बघा!" तो रक्त थुंकत ओरडला. "झाकणाचे खिळे बघा! पट्टा उलटा आहे! मी दारू पिऊन, डोळे बांधून मारले तरी असे मारणार नाही! आणि मला काय वेड लागलंय कोरडं पान दाबायला? इथं असं कोण करेल, जो कालपरवा लंडनहून..."

तो थांबला. पण सगळ्या वखारीनं वाक्य मनातल्या मनात पुरं केलं.

"काल हेच पिंप आधी फोडा म्हणून तूच सांगितलंस, वेदरॉल," तपासनीस कोपऱ्यातून म्हणाला. "वाईट पान जाळायचा नवा कायदा आल्यापासून मालक माझ्याशी मारामाऱ्या करतात, आमचं पिंप फोडू नका म्हणून. तू बोट दाखवलंस."

"मला काय ठाऊक पान कधी दाबतात!" वेदरॉल ओरडला.

"तेच तर म्हणतोय आम्ही," हॉबडे साहेब म्हणाले.

"एकट्यानं तुळई ओढता येत नाही, साहेब! माझे घोडे तुमच्याकडं होते!"

जूनो जणू स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "करड्या घोडीच्या छातीला औषध लावायला हवं. बिचारी."

साहेबांनी गडी बाहेर पाठवला. गडी परत आला. "दोराचा वळ आहे, साहेब. सोललंय."

"घोडीनं काय ओढलं, वेदरॉल?"

"काही नाही! कोण म्हणतं? एका थापाड्या काळ्या बाईच्या बडबडीवर तुम्ही..."

"मी म्हणते."

टॅम्झिन भिंतीपासून पुढं आली. ओठ पांढरे, पण आवाज स्पष्ट. "मी काळी नाही आणि थापाडीही नाही. गुरुवारी क्रॅग जिवंत होता, माझी पाठ त्याची साक्ष आहे. घोडी मालकानं जुंपली. चुरा मी झाडला. मला दोन वर्षं वाढवा, नाहीतर चार वाढवा. पण तो हात तोडू नका."

आणि तिनं चादर उलगडली. चाबूक खाली पडला.

वेदरॉल त्या चाबकावर लांडग्यासारखा पडला. टॅम्झिननं दांडा धरून ठेवला, तर त्यानं तिचे केस धरून तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, दोनदा. दात सांडले. क्वाको साखळी ताणून उठला, आणि जूनो जिवाच्या आकांतानं ओरडली, "हात उचलू नको!" गोऱ्यावर हात उचलणाऱ्या गुलामाचा कान कापतात, हात तर जाणारच होता. क्वाको नुसता आडवा झाला. वेदरॉल साखळीला अडखळला, चाबूक सुटला, आणि तो मोकळ्या हातांनी दाराबाहेर पळाला.

६

पुढचं जूनो चाळीस तऱ्हांनी सांगायची, पण ह्यात एक शब्द वाढवलेला नाही.

वेदरॉलनं घोडीवर उडी मारली आणि लगाम खेचून टाच दिली. छातीचा पट्टा त्या ओल्या वळात रुतला. घोडी सरळ उभी राहिली, तिनं त्याला उताराच्या रस्त्यावर फेकलं. वरनं बाराशे रत्तलांचं पिंप गडगडत येत होतं. ते ढकलणाऱ्या गड्यांनी सोडलं की त्यांच्या हातून सुटलं, ह्यावर नदीवर अजून भांडणं होतात. जूनो पोचली तेव्हा वेदरॉलची छाती पिंपाखाली होती आणि तोंडातनं लाल फेस. तो तिच्याकडं बघत होता.

"कागद," तो म्हणाला. "कुठं होता?"

"आजच्याआधी तुम्ही चाबकाला कधी हात लावलात, मालक?" जूनो म्हणाली. "तुमचे हात घाण झाले असते."

हे त्यानं ऐकलं का, देव जाणे. डोळे उघडेच होते.

आत टेबलावरचं रक्त पुसून जूनोनं तांब्याची टोपी फिरवली आणि दांड्यातनं कागदाची सुरळी काढली. मग सगळ्यांकडं पाठ करून नेफ्यातली गाठ सोडली. हॉबडे साहेबांनी दोन तुकडे जवळ सरकवले. दातात दात बसला. केसाएवढी फट राहिली नाही.

"इतकी वर्षं हा दांडा ह्याच्या पाठीवर पडत होता," साहेब म्हणाले, "आणि वर्षभर ह्याची सुटका त्याच्याच पोटात." त्यांनाही क्षणभर काहीतरी वाटलं असावं, त्यांनी पाइप शोधला, मग आठवलं आणि ठेवून दिला. "सोडा त्याला. जूनो, आयुष्यात एकदा खरं बोललीस."

"दोनदा, साहेब. मासा पंधराच फुटी होता."

टॅम्झिनची वर्षं वाढली नाहीत. वाढवायला मालकच उरला नव्हता. अकराव्या दिवशी समोरचे तीन दात नसताना ती हसत हसत गेली, सगळी बंदरं ऐकतील एवढ्यानं.

आणि जूनो? कागदावर नाव एकट्या क्वाकोचं होतं. मळा कोण्या चुलतभावाकडं गेला, जूनो मळ्याबरोबर गेली. क्वाको फडक्यानं जबडा बांधून रस्त्याच्या त्या बाजूला उभा राहिला. मोकळा झालेला काळा माणूस नव्या मालकाच्या परवानगीवाचून कुंपणाच्या आत येऊ शकत नव्हता. त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं नुसतं तिच्याकडं बोट केलं, मग स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याकडं, जिथं कागद असतो तिथं. मग हात पसरले. म्हणजे, तुझा कुठंय?

"माझा अजून कोणी लिहिला नाही रे," जूनोनं कुंपणावरनं ओरडून सांगितलं. "जा आता. जबड्याला वारा लागू देऊ नको."

तो जाईना. मग तिनं हात वर करून हवा बोटांत चोळली. वारा पडला होता. नदीवरनं धुकं येत होतं, आणि कोठारात टांगलेलं पान चामड्यासारखं लवायला लागलं होतं.

"दाबायला घ्या रे!" ती गड्यांना म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी पहिलं पिंप भरलं, त्याच्या झाकणावर कोणाची खूण घालायची असं गड्यांनी विचारलं. जूनोनं सुरी घेतली आणि मासा कोरला. पिंपाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"एवढा मोठा?" बार्नबी म्हणाला.

"पंधरा फुटी आहे," जूनो म्हणाली. "मावत नाही म्हणून लहान काढला."